दुपारी अडीचचं भजन

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेत त्यांनी जरा सावरून बसा — आज प्रश्न अडचणीचा आहे! दुसऱ्यावर संशय घेणं हे पाप की पुण्य?

"पाप!" — बघा, किती झटकन बोललात! आयाबायांनीही माना हलवल्या. संशयानं संसार बुडतो, संशयानं भाऊबंदकी होते, सगळं पाठ आहे तुम्हाला. पण मला म्हातारपणी एक खोड जडली आहे. सगळा गाव एका सुरात बोलायला लागला की मला वाटतं, ही मंडळी मिळून काय झाकतायत? आमचे मृदंगवाले हसतायत. हसा बाबा! आख्यान संपेपर्यंत हसला तर मानलं तुम्हाला.

तर ऐका. बेलसांगवी नावाचं गाव. तिथं हौसाक्का नावाची बाई. साठी ओलांडलेली, नवरा केव्हाच देवाघरी गेलेला, लेक नोकरीला बाहेरगावी. बायकांचं भजनी मंडळ तिच्या ताब्यात. ती धरून अकरा बायका! सुरात एकच गाते, पण टाळ सगळ्या जोरात वाजवतात. आणि हौसाक्काच्या घराला लागून जालिंदरचं घर. मध्ये एकच सामाईक भिंत.

जालिंदर कसा? गळ्यात माळ, कपाळी गंध, सुपारीचं खांड तोंडात घालणार नाही! गावच्या दूध डेअरीत दूध तपासायला. कुणी चमचाभर पाणी घातलं तरी पकडणार. मंदिर समितीचा चिटणीस. आणि घरात हा एवढा स्पीकर! त्यावर भजन लागलं की हौसाक्काच्या फळीवरची भांडी थरथरायची. गाव म्हणायचं, "काय भक्ती हाय माणसाची!" हौसाक्काही म्हणायची. भाकरी थापता थापता पिठाचे हात भिंतीकडं करून जोडायची.

तीन वर्षं जोडले. मग आली एक एकादशी — आणि जालिंदरच्या घरात भजनच नाही! सकाळी नाही, संध्याकाळी नाही. हौसाक्काला वाटलं, लाइट गेली असेल. तिच्याकडं तर दिवा जळत होता. आणि दोन दिवसांनी, भर दुपारी अडीच वाजता, कुत्रीसुद्धा सावलीला जीभ काढून पडलेली — भजन सुरू! तेही एकदम टिपेला!

अहो, दुपारी अडीचला देव तरी जागा असतो का? आपणच त्याला नैवेद्य दाखवून पडदा ओढतो! हौसाक्काच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका पाणी भरून गेल्या, हौसाक्का तेवढी मागं राहिली, तेव्हा जालिंदरची बायको नळावर आली. उज्ज्वला तिचं नाव. बारावी शिकलेली, लग्नाला तीन वर्षं झालेली, पदर पार गालावर ओढलेला.

"काय गं, डोळ्याला काय झालं?"

"म्हशीनं शिंग मारलं, आक्का."

"जपावं बाई," म्हणत हौसाक्का हंडा घेऊन निघाली. चार पावलं गेली आणि जागीच थांबली. म्हैस? जालिंदरनं म्हैस तर दिवाळीला विकली होती! विकलेली म्हैस शिंग मारायला माघारी आली का?

तेव्हापासून आक्का कान देऊन राहिली. दुपारी भजन वाजलं, की दुसऱ्या दिवशी उज्ज्वला नळावर उशिरा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी आक्कानं सरळ भिंतीला कान लावला. आता स्पीकरवर एक भजन संपतं आणि दुसरं लागतं, त्यात क्षणभर खंड पडतो की नाही? त्या खंडात तिला ऐकू आलं — "कुणाचा फोन हुता? भावाचा? भावाशी एवढं हसून बोलत्यात? बोल!" आणि एक धप्प असा आवाज. आणि लगेच पुढचं भजन.

मंडळी, तो स्पीकर देवासाठी नव्हताच. तो ह्या भिंतीसाठी होता! आणि ही बाई तीन वर्षं त्या आवाजाला हात जोडत आली होती.

आक्का गेली पोलीस पाटलाकडं. पाटील चहा फुंकत म्हणाला, "आक्का, माळकरी माणूस हाय त्यो. बायकोवर जरा लक्ष ठेवलं, तर बिघडलं कुठं? आन् टाळी काय एका हातानं वाजती व्हय?"

टाळी नाही वाजत, पाटील! पण थोबाडीत? ती एकाच हातानं वाजते!

आणि गंमत बघा. जालिंदर बायकोवर संशय घ्यायचा — फोन कुणाचा, नळावर उशीर का, हसलीस का. त्याला गाव म्हणायचं 'लक्ष'. हौसाक्कानं जालिंदरवर संशय घेतला, त्याला गाव म्हणायला लागलं 'चोंबडेपणा'. मगाशी पाप म्हणालात ना? मग यातलं पाप कुठलं, ते आता सांगा!

आक्का स्वभावानं तापट. उठली आणि तडक डेअरीत गेली. चार माणसांत जालिंदरला म्हणाली, "पोरीच्या अंगाला हात लावू नकोस, सांगून ठेवते!" जालिंदर गोड हसला. "आक्का, तुमचा गैरसमज झाला," म्हणाला, हातसुद्धा जोडले.

त्या दुपारी भजन दोन तास चाललं.

चुकली, मंडळी. धाडस केलं, पण चुकली. जिच्यासाठी करायचं तिलाच विचारलं नव्हतं! आक्काला दोन दिवस घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी नळावर उज्ज्वलाचा हात धरून म्हणाली, "पोरी, माझ्यामुळं झालं. आता तूच सांग, मी काय करू? येऊ का न्हाई?"

उज्ज्वलानं मागंपुढं बघितलं. म्हणाली, "तुम्ही बोलून गेला, मार मी खाल्ला. येऊ नका, आक्का." हंडा उचलला. दोन पावलं गेली आणि न वळता म्हणाली, "एकट्या येऊ नका."

एकट्या येऊ नका! आक्का घरी आली ते हेच शब्द घोळवत. आणि तिच्या डोक्यात लख्ख पडलं. अरे, आपण भजनी मंडळ ना? कुणाच्या घरात भजन ऐकू आलं, तर तिथं जायला आमंत्रण कशाला पाहिजे?

तिनं मंडळातल्या बायकांना एकेकीला गाठून सांगितलं. दोघी म्हणाल्या, "आमच्या घरात कळलं तर?" एकीनं नुसताच उसासा सोडला — का सोडला, ते तिचं तिला ठाऊक. आणि पाटलीणबाई, त्याच पोलीस पाटलाची बायको! तिनं टाळाची दोरी घट्ट बांधली.

मंगळवार. दुपारचे अडीच. स्पीकर गरजला! तशा अकराच्या अकरा बायका टाळ घेऊन निघाल्या. त्या घाबरलेल्या दोघीसुद्धा आल्या होत्या. आक्कानं कडी वाजवली. एकदा. दोनदा. मग अकरा जणींनी टाळच वाजवले! सगळ्या गल्लीनं दारं उघडली. शेवटी जालिंदरनंही उघडलं, चारच बोटं. तोंडावर घाम, ओठांवर हसू.

"काय आक्का?"

"भजन ऐकू आलं, म्हणून आलो. भजनाला काय आवतण लागतंय व्हय?"

पेच बघा! मंदिराचा चिटणीस, गळ्यात माळ, गल्ली बघतेय — भजनाला आलेल्या बायांना 'माघारी जा' म्हणणार कसा? झाला बाजूला.

"पण संपलंच की आता," म्हणत त्यानं स्पीकर बंद केला.

"संपलं? मग पुढचं आम्ही धरतो!" आणि बायका फतकल मारून बसल्या. भजन सुरू. थोड्या वेळानं आक्का म्हणाली, "उज्ज्वलाला बोलवा की."

"ती झोपलीया. बरं न्हाई तिला."

"मग तर बघायलाच पायजे," म्हणून पाटलीणबाई उठली, आतलं दार तिनं ढकललं आणि उज्ज्वलाला धरून बाहेर आणलं. ओठ फाटलेला. डावं मनगट सुजून टम्म झालेलं, दुसऱ्या हातात धरलेलं. टाळ थांबले. एका दमात नाही, एकेक करून थांबले.

"न्हाणीत पाय घसरला तिचा," जालिंदर म्हणाला. मग आवाज खाली आणून, "उज्ज्वला, सांग ह्यांना."

आक्काच्या जिभेवर शब्द आला होता. तिनं तो गिळला. एकदा तिच्यावतीनं बोलून झालं होतं, त्याचे वळ त्या पोरीच्या अंगावर होते. आता बोलायचं ते तिनंच. पण नाही बोलली तर? 'हो, घसरले' म्हणाली तर? तर अकरा बायका टाळ गोळा करून घरी जातील, दार लागेल, आणि मग त्या घरात काय होईल ते आक्काला कळत होतं.

उज्ज्वलानं बायकांकडं बघितलं. उघड्या दाराकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं नाही.

"घसरले न्हाई. ह्यांनी हात पिरगाळला. आक्का, मला दवाखान्यात न्या. आन् परत हितं आणू नका."

जालिंदर पुढं झाला, तशा बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसत्या मध्ये उभ्या राहिल्या! पाटलीणबाईनं नवऱ्याला फोन लावला — "अहो, जालिंदरच्या घरी या. टाळी कशी वाजती ते दाखवते." पाटील आला. मान खाली घालून आला, पण आला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं जखमा लिहून घेतल्या. पोलिसांत तक्रार झाली. उज्ज्वला भावाकडं गेली. कोर्टात तारखा चालू आहेत. आणि जालिंदर? अजून माळ घालतो, अजून दूध तपासतो, आणि अर्धा गाव अजून म्हणतो, "हौसाक्कानं चांगला संसार मोडला." मी खोटं गोड करून सांगणार नाही.

पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यात हाताला प्लास्टर चढत असताना उज्ज्वलानं आक्काला विचारलं, "आक्का, तीन वर्षांत भिंतीपलीकडं माझा आवाज कधीच आला न्हाई?"

आक्काला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "आला हुता. पहिल्याच वर्षी. मी म्हटलं, भास असंल."

आणि ढसाढसा रडली बिचारी.

आता, मंडळी, तुमच्याकडं वळतो. तुम्हाला कधी भास झाला? शेजारच्या घरातून, वरच्या मजल्यावरून, थोरल्या भावाच्या खोलीतून? मग 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून कूस बदललीत ना? त्या बाईला एकटीला गाठून विचारा — तुला काय हवंय? ती म्हणेल तसं करा, तिच्या पाठीमागं परस्पर शहाणपणा नको. जाल तेव्हा चारचौघं मिळून जा. आणि जिवावर बेतलंय असं दिसलं, तर वाट बघू नका, पोलिसांच्या एकशे बाराला फोन लावा. आणि पुढच्या रांगेतले माळकरी, खाली काय बघताय? माळ माझ्याही गळ्यात आहे. माझ्यावरसुद्धा संशय घ्या! आमच्या घरी जाऊन आमच्या मंडळींना विचारा, बुवा घरी कसे असतात. ज्याला ह्या विचारण्याचा राग येईल, त्याच्याच घरी आधी जा.

एरवी आता मी गजर करायला सांगतो. टाळकरी, थांबा. मृदंगावरचा हात काढा. पेटी बंद करा. दाराजवळच्यांनी दार उघडा. आज आपण मोठ्यानं देवाचं नाव घेणार नाही. मिनिटभर गप्प बसू, आणि गावातून काही ऐकू येतंय का, ते ऐकू.