जानेवारीत नंबर बदलतात

लिसार्दो : ...आणि त्याला म्हणावं, मी हे गुडघे घेऊन तीन मजले चढून आलोय. त्याला नुसतं उतरायचंय. कुठे आहे तो? अजून मिशीच कातरतोय का?

कासिल्दा : लिसार्दोकाका, आधी बसा.

लिसार्दो : बसलो की मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि या घरात तू एकटी. बाराची मॅच आहे, पोरी. उद्या कोर्टाची माणसं येऊन मैदानाच्या फाटकाला कुलूप घालणार. शंभर वर्षांचा आपला फुटबॉल क्लब, उनिऑन मोंतेलाब्रा, आज जेवायच्या वेळेपर्यंत शिल्लक आहे. तुझ्या बापाची मिशी होईपर्यंत कोण थांबणार?

कासिल्दा : बाबा येणार नाहीत.

लिसार्दो : येणार नाही कसा? झेंडा कोण चढवणार? मॅचआधी चढवायचा, मॅचनंतर उतरवायचा, तो एक नंबरच्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या सभासदानंच. मी दोन नंबर. मी नुसती दोरी सोडायची. वर्षानुवर्षं दोरी सोडतोय मी. वर बघून बघून मान आखडली, पण झेंड्याला बोट लावलं नाही.

कासिल्दा : ठाऊक आहे, काका.

लिसार्दो : का लावलं नाही, तेही ठाऊक असेल. आम्ही दोघं एकाच दुपारी जन्मलो. इथे पोरगं झालं की बाप आधी क्लबात नाव घालायला पळतो, मग पाद्री, मग सरकार. माझा बाप तुझ्या आजोबांच्या पुढे होता, चांगला रस्ताभर पुढे. पण वाटेत रामिरोचा बार लागला. म्हणाला, पोरगा झालाय, एक अनीस घेऊ. एकच घेतली म्हणतात. बाहेर येऊन बघतो तो तुझे आजोबा नाव घालून परत निघालेले. वर टोपी काढून ‘अभिनंदन’ म्हणाले.

कासिल्दा : बाबा ही गोष्ट सांगताना दोन अनीस म्हणायचे.

लिसार्दो : म्हणायचाच तो. त्याला... म्हणायचे म्हणजे?

कासिल्दा : बाबा वारले, काका. आज सकाळी. कॉफी मागितली. मी करून आणली, तोवर...

लिसार्दो : आज?

कासिल्दा : आज. डॉक्टर येऊन गेले. शेजारची एर्मिनिया आत बसलीय त्यांच्यापाशी. न्यायला गाडी संध्याकाळी येईल.

लिसार्दो : आजच? अख्खा आठवडा रिकामा पडला होता त्याला. मंगळवारी मेला असता तर कोणाचं काय अडलं असतं?

कासिल्दा : काका...

लिसार्दो : मला रडू नको म्हणू नकोस. मी रडत नाहीये. जिने चढलो की होतं असं. कुठल्या खोलीत?

कासिल्दा : आतल्या. एर्मिनियामावशी, जरा बाहेर या हो. काका आलेत.

(लिसार्दो आत जातो. दार अर्धवट उघडंच राहतं.)

लिसार्दो : ओविदिओ. पाहुणा आलाय, डोळे तरी उघड. ...मिशी मात्र कातरलीस. शहाणा आहेस. हे बघ, वेळ कमी आहे, त्या धुक्यातल्या गोलाचं मिटवून टाकू. माद्रिदची मोठी मंडळी आली होती, कप स्पर्धेतली मॅच, आणि धुकं असं की आपला गोलकीपर आपल्याच बचावपटूला विचारत होता, काय चाललंय. जाळं हललं. ते रेफ्रीनं पाहिलं, का पाहिलं म्हणाला, देव जाणे. आपण जिंकलो. चेंडू खांबाबाहेरून गेला आणि बाजूनं जाळ्याला लागला, असं मी गेली साठ वर्षं म्हणतोय. आता इथे कोणी नाही. खरं सांग. ...नाहीच? मेला तरी गडी कबूल करत नाही. ...बरं. झाला गोल. आतूनच गेला. झालं समाधान?

(लिसार्दो बाहेर येतो.)

कासिल्दा : काका, हे पाणी घ्या.

लिसार्दो : सगळे या गावच्या खाणीचे उपद्व्याप. आधी ओविदिओच्या छातीत धूळ भरली, मग खाण बंद झाली, मग पोरं गाव सोडून गेली. मग तो किनाऱ्यावरचा गॉगलवाला आला, म्हणाला, तुमचा क्लब विकत घेतो, पहिल्या श्रेणीत नेतो. चौथ्या श्रेणीत नेला आणि कर्जात बुडवून तिथेच टाकून गेला. ओविदिओ म्हणाला होता, ज्या माणसाचे डोळे दिसत नाहीत त्याला मैदान दाखवू नका. कोण ऐकतं एक नंबरचं? झेंड्यापुरता एक नंबर.

कासिल्दा : काल रात्री त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय.

लिसार्दो : त्याचे निरोप मला नकोत. दर जानेवारीत काय करायचा ठाऊक आहे? वर्षभरात गेलेल्यांची नावं गाळून क्लबात नवे नंबर वाचतात. हा पहिल्या रांगेत येऊन बसायचा आणि वाचन संपेपर्यंत खोकला दाबून धरायचा. लालबुंद व्हायचा. ‘एक : ओविदिओ’ म्हटलं की माझ्याकडे वळून डोळा मारायचा, आणि मग खोकायचा अर्धा तास.

कासिल्दा : म्हणाले, उद्या मी काही जिना उतरत नाही. झेंडा लिसार्दोला लावू दे. त्याच्या मनात आहे. आणि हे द्यायला सांगितलंय.

लिसार्दो : हातमोजे.

कासिल्दा : आजोबांचे. झेंड्याला नुसता हात लावायचा नाही म्हणून.

लिसार्दो : ओळखतो मी. ते ठेव तुझ्याकडे.

कासिल्दा : काका, आता तुम्हीच एक नंबर. एवढी वर्षं वाट पाहिलीत...

लिसार्दो : मी एक नंबर नाही.

कासिल्दा : बाबा गेले म्हणजे...

लिसार्दो : नंबर जानेवारीत बदलतात. आज मे महिना आहे. मधेच माणूस मेला तर जानेवारीपर्यंत नंबर त्याचाच. नियम आहे. मागे तो शिंपी गेला, तर दहा महिने त्याची खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि तेव्हा लोकांना उभं राहायला जागा नव्हती.

कासिल्दा : पण काका, जानेवारीत क्लबच नसेल.

लिसार्दो : मग त्याला मी काय करू? नियम काय मी केलाय?

कासिल्दा : म्हणजे बाबा कायमचेच...

लिसार्दो : ते त्यानं आधी बघायला हवं होतं. दानशूरपणा करायचा होता तर डिसेंबरात मरायचं.

कासिल्दा : त्यांची इच्छा होती, काका.

लिसार्दो : माझीही होती. जन्मापासून. पण अशी नाही, पोरी. तो आत झोपलाय आणि मी तिकडे टाळ्या घेतोय, हे मला जमायचं नाही. ते हातमोजे तू घाल.

कासिल्दा : मी? मी तर सभासदसुद्धा नाही. आमच्या वेळी मुलींची नावं घालत नव्हते.

लिसार्दो : घालत नव्हते. तू झालीस तेव्हा तुझा बाप पळत गेला होता. त्याला परत पाठवलं. मी रामिरोच्या बारमध्ये बसलो होतो, जाताना पाहिला, येतानाही पाहिला. जाताना पळत होता.

कासिल्दा : हे मला कधी बोलले नाहीत ते.

लिसार्दो : मलाही नाही. आला आणि शेजारी बसला. मी अनीस मागवली.

कासिल्दा : लोक काय म्हणतील?

लिसार्दो : विचारलं तर सांगेन, एक नंबरची तब्येत बरी नाही, मुलीला पाठवलंय. मॅच संपेपर्यंत हे खरंच धरायचं. संध्याकाळी सगळ्यांना कळेलच. तू चढव, तूच उतरव. दोरी मी सोडतो, त्यातलं मला कळतं. उतरवलास की घडी करून इकडे आणू, त्याच्या अंगावर घालू.

कासिल्दा : मला रडू आलं तर?

लिसार्दो : वर बघायचं. सगळ्यांना वाटतं झेंडा बघतोय. किती वर्षं चालवलंय मी.

कासिल्दा : एर्मिनियामावशी, बसता ना हो बाबांपाशी? मी... मी मॅचला जाऊन येते.

लिसार्दो : ऊठ, कोट घाल. आणि मागच्या गल्लीनं जाऊ. रामिरोच्या बारवरून नको. आमच्या घराण्याला तिथे उशीर होतो.