खांब सत्तेचाळीस

काकू : खांब पंचेचाळीस. आवाज भरीव.

मुलगी : बरोबर.

काकू : खांब शेहेचाळीस. आवाज भरीव, तळाशी केसाएवढी चीर.

मुलगी : बरोबर. टॉर्च लावून पाहिली होती मी ती.

काकू : कशी पाहिलीस ते विचारलं का मी? मी वाचायचं, तू वहीत बघून नुसतं 'बरोबर' म्हणायचं. चार वाजता शाळेचा माणूस रिपोर्ट न्यायला येतोय. खांब सत्तेचाळीस. आवाज भरीव.

मुलगी : थांबा काकू.

काकू : आता काय झालं?

मुलगी : माझ्या वहीत सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, तिन्हींपुढे 'ऐकला नाही' असं आहे. जिन्याखालची खोली बंद होती. दोनदा गेले. वॉचमन म्हणाला, चावी मुख्याध्यापिका बाईंकडे आणि बाई गावाला.

काकू : माझ्याकडे आलेल्या कागदावर 'भरीव' आहे. हिरव्या शाईत.

मुलगी : कोणाची हिरवी शाई?

काकू : या ऑफिसात हिरवं पेन एकाच माणसाच्या खिशाला असतं. माझ्याकडे बघू नकोस अशी. सव्वीस वर्षं मी आलं तसं टाइप करते.

मुलगी : मग मी याला 'बरोबर' म्हणणार नाही.

काकू : हळू बोल, पोरी. दार उघडंच आहे.

साहेब : दार उघडं आहे आणि मला दोन्ही कानांनी ऐकू येतं. काय अडलंय?

मुलगी : सर, या तीन खांबांवर मी हातोडी मारलेली नाही.

साहेब : माहीत आहे. चौसष्टपैकी एकसष्टांवर मारलीस. एकूण एक भरीव. एकच ठेकेदार, एकच वर्ष, एकच सिमेंट. राहिलेले तीन काय चंद्रावरून आणले असतील?

मुलगी : नसतील आणले. चांगलेही असतील. पण मला माहीत नाही, एवढंच मी लिहिलंय.

साहेब : अगं, सगळं ठोकूनच कळायचं तर अनुभव कशाला म्हणतात? नुसतं बघून सांगतो मी.

मुलगी : मग खाली तुमची सही करा ना, सर. 'प्रत्यक्ष तपासणी करणारी व्यक्ती' या रेघेवर माझं नाव कशाला?

काकू : अगं ए!

साहेब : बोलू द्या तिला. आज तिचा शेवटचा दिवस आहे, शेवटच्या दिवशी सगळ्यांना कंठ फुटतो. हे बघ बाळ, बाकीच्या ऑफिसांत तुझ्या वर्गातली मुलं फुकट राबतायत. चहा आणतात, झेरॉक्स काढतात. मी तुला सहा आठवडे पगार दिला. कशाचा?

मुलगी : हातोडी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात.

साहेब : म्हणजे लक्षात आहे.

मुलगी : आहे म्हणून तर. फुकट आले असते तर म्हटलं असतं, जाऊ दे, माझ्या बापाचं काय जातंय. पैसे घेतलेत, सर. आता ते काम माझं झालं.

साहेब : वा. आणि कॉलेजला द्यायचं अनुभवाचं पत्र? तेही तुझंच काम ना? त्यावर माझी सही लागते.

मुलगी : माहीत आहे.

साहेब : ते नसेल तर शेवटच्या वर्षाला बसता येत नाही. एक वर्ष बसशील घरी.

मुलगी : माहीत आहे, सर. आईने शेजारी-पाजारी सांगूनसुद्धा झालंय की आमची इंजिनीअर होणार. तिला मी समजावीन.

साहेब : तीन शब्दांसाठी?

मुलगी : तीन खांबांसाठी. वर दुसरीचा वर्ग आहे. भिंतीवर मुलांनी आपापल्या हातांचे ठसे उमटवलेत. सगळ्यात वरचा ठसा माझ्या कमरेपर्यंत येतो.

साहेब : भावनेवर इमारती उभ्या राहत नाहीत.

मुलगी : हिरव्या शाईवरही नाही राहत.

काकू : साहेब, मी मध्ये बोलू का?

साहेब : तुम्ही पुढचं वाचा.

काकू : सकाळी निरोप दिला होता मी तुम्हाला. मुख्याध्यापिका बाई आल्यात गावाहून. म्हणाल्या, चावी माझ्याकडे आहे, कुणालाही पाठवा.

मुलगी : चावी आलीय?

काकू : साडेनऊलाच फोन आला होता.

मुलगी : सर, शाळा इथून वीस मिनिटांवर आहे. तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?

साहेब : आणि पोकळ वाजला एखादा तर? विचार केलायस? सोमवारी शाळा उघडायची आहे. टेकू लावा, वर्ग हलवा, संस्थाचालकांची तोंडं बघा. पुढची सगळी कामं दुसऱ्या ऑफिसला. या टेबलांवर सात माणसं बसतात, त्यांच्या घरी काय सांगू?

मुलगी : म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. आत्ता म्हणालात, नुसतं बघून सांगतो.

साहेब : पुरे झालं. ओळखपत्र ठेव. हेल्मेट ठेव. हातोडी ठेव आणि नीघ.

मुलगी : हे ओळखपत्र. हे हेल्मेट. हातोडी माझी आहे.

साहेब : ऑफिसची आहे ती.

मुलगी : ऑफिसच्या हातोडीचा दांडा हलतो, सर. मारली की स्वतःच खुळखुळते, खांबाचं ऐकूच येत नाही. ती तुमच्या कपाटात आहे. ही मी पहिल्या पगारातून घेतली.

साहेब : कुठे निघालीस ती घेऊन?

मुलगी : चावी आलीय ना.

साहेब : तू आता या ऑफिसची कोणी नाहीस. तू काय ऐकलंस याला कोण विचारणार?

मुलगी : मुख्याध्यापिका बाई असतील शेजारी उभ्या. त्यांनाही कान आहेत. येते काकू.

काकू : सावकाश जा गं. जिन्याखाली बाकं रचलेली असतील, पायावर घेऊ नकोस.

(दार लागल्याचा आवाज.)

साहेब : तुम्हीसुद्धा?

काकू : मी काय केलं? बाकं जड असतात, एवढंच म्हटलं.

साहेब : चला. पावणेतीन झाले. मी बसतो तिच्या जागेवर. वाचा.

काकू : वही ती इथेच ठेवून गेलीय. धरा समोर.

साहेब : वही नको मला. वाचा तुम्ही.

काकू : बरं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मोठ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच शिक्का. नियम तुमचाच, म्हणून आठवण केली. खांब सत्तेचाळीस. आवाज भरीव.

साहेब : हं.

काकू : हं नाही, साहेब.

साहेब : पुढचं वाचा ना.

काकू : खांब सत्तेचाळीस. आवाज भरीव. म्हणा, मी थांबलेय.