वेणीपुरती जागा

हॅलो?… हॅलो, आई?… हो, मीच, तुआइने. दुसरं कोण उचलणार माझा फोन?… अगं, ओरडू नकोस, ऐकू येतंय. तुझा आवाज आइतुताकी बेटावरून समुद्र ओलांडून इथे टोकोरोआपर्यंत फोनशिवायही पोचेल.

कुणी कापले?… कुणाचे केस?… नूरोआचे? अगं, तुला कुणी सांगितलं?… कसला फोटो?… थांब, थांब, थांब. आधी खाली बस बघू. बसलीस?… मग ऐक. कापलेले नाहीत.

नाहीत म्हणजे नाहीत!… देवाशपथ. अगं, त्या फोटोत त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे. सायकलचं. आणि फोटो काढलाय समोरून. वेणी मागे असते ना गं? मग समोरून दिसेल कशी?… हं… हो, कमरेच्या खाली दोन बोटं… कालच धुतलेत, कालच विंचरलेत, एक तास लागला. तासभर तो माझ्यावर ओरडत होता आणि मी त्याच्यावर.

झाला जीव शांत?… पाणी पी थोडं. पी, मी आहे फोनवर.

हो गं बाई, जानेवारीतच… सगळं ठरल्याप्रमाणे. तू येणार, खुर्चीवर तुझी फुलांची गोधडी अंथरायची, त्यावर नूरोआ बसणार, जन्मापासून न कापलेल्या केसांच्या बटा रिबनींनी बांधायच्या, आणि पहिली बट तुझी. मग बाकीच्यांच्या. एकेकानं एक बट कापायची आणि बदल्यात पोराला काहीतरी भेट द्यायची… मला काय शिकवतेस? मेतुआची केसकापणी झाली तेव्हा त्याच्या सगळ्या रिबनी मीच बांधल्या होत्या. आणि तो गधडा रडत होता… हो, अजून चिडवते मी त्याला. मामा झाला तरी काय झालं!

गोधडी झाली का शिवून?… अजून? आई, नोव्हेंबर आलाय!… बरं बरं, नाही बोलत.

घरी नाही, मी जंगलात आहे… पाइनच्या. गाडीपाशी. आज शाळांची सायकल शर्यत आहे ना… तुझ्याकडे शुक्रवार असेल, इकडे शनिवार उजाडला केव्हाच. डिकीत डोनट आहेत, बादलीभर. आणि ते गुलाबी बटाट्याचं सॅलड… बीट घातलंय गं, भरपूर घातलंय. पुना आत्ताच दोन वाट्या हाणून बसलाय. शर्यत पोराची, भूक बापाची.

नाही, हेल्मेटशिवाय चालत नाही. इथे कायदाच आहे तसा. आणि शर्यतीत तर सुरुवातीच्या रेघेजवळसुद्धा उभं करत नाहीत… तिकडे कुणी घालत नाही, माहीत आहे मला. तिकडे तू स्कूटरवरनं फुलांचा मुकुट घालून फिरतेस. इथे तो मुकुट चालत नाही, आई.

अगं, त्या हेल्मेटनं आमच्या नाकी नऊ आणलेत! तीन आठवडे. सहा हेल्मेटं… सहा. मोजून. ऐक तर खरं.

पहिलं आम्ही आणलं रविवारी, चर्चहून परस्पर. आता चर्चला जाताना मी त्याचा अंबाडा कुठे बांधते?… बरोब्बर, डोक्यावर. मधोमध. तुझ्यासारखाच. तर दुकानातल्या त्या माणसानं फीत काढली आणि अंबाड्यासकट डोकं मोजलं. मोठ्या माणसाच्या मापाचं हेल्मेट दिलं आणि मला म्हणतो, मुलीचं डोकं चांगलं दणदणीत आहे हो तुमच्या… हो, मुलगीच म्हणाला. सगळेच म्हणतात. नूरोआ काही मनावर घेत नाही. शांतपणे सांगतो, मी मुलगा आहे, माझे केस अजून कापायचेत. जसं काही सगळ्या जगाचे कापायचेच असतात.

मग सोमवारी शाळेसाठी वेणी घातली. वर अंबाडा नाही. हेल्मेट चढवलं आणि पोरानं मान उजवीकडे वळवली… तर हेल्मेट समोरच! हेल्मेटाच्या आत पोर वळतंय, हेल्मेट जागच्या जागी! मी इतकी हसले, इतकी हसले… अगं, हसू नको तर काय करू? पातेल्यात लिंबू ठेवल्यासारखं दिसत होतं.

परत गेलो. लहान आणलं. ते वेणी खाली सोडली की बसायचं, पण मागची ती चकती फिरवून आवळायला गेलं की वेणीच्या मुळाशी टोचायचं. वेणी जाड आहे ना त्याची. तुझ्यावर गेलाय… तिसरं घातलं की कपाळ उघडं. भुवयांच्या वर दोन बोटं, तिथे हेल्मेट यायला हवं, नाही तर पडल्यावर उपयोग काय? हे पार मागे, टोपी उडाल्यासारखं. चौथं बरं होतं. अगदी छान बसलं. पण तू पाठवलेलं तेल!… तुझंच खोबरेल, त्या जाईच्या फुलांचं. एवढं लावतो तो की उतारावर हेल्मेट घसरून नाकावर आलं. आंधळ्यासारखा झुडपात शिरला… नाही, काही नाही लागलं. गुडघा खरचटला. तेल लावू नको म्हटलं तर म्हणतो, आजीनं सांगितलंय… घे, हसतेस काय आता!

पाचवं… पाचव्याचं नाव काढू नकोस. तेही वेणीवर बसेना, आणि त्यावरून माझं आणि पुनाचं भांडण झालं. पुना म्हणाला, दोन महिन्यांनी कापायचेच आहेत ना केस? आत्ता कापू, शर्यत होऊ दे, जानेवारीत जेवण घालू सगळ्यांना… हो, म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला… आई, शिव्या देऊ नकोस, तो इथे शेजारीच डोनट खातोय, त्याला ऐकू जाईल… अगं, त्याचाही जीव तुटत होता गं. पोरगा सगळ्यांत वेगात जातो आणि हेल्मेटपायी बाकावर बसून दुसऱ्यांचे बूट सांभाळतो. बापाला बघवत नव्हतं.

नूरोआ? त्यानं ऐकलं सगळं. जेवता जेवता म्हणाला, मग मी शर्यतीत नाही जात. पहिली बट आजीची आहे. एवढंच. आणि परत जेवायला लागला… हो… हो गं, तुझाच आहे तो. पाच वर्षं तुझ्याकडे होता, तूच विंचरलेस ते केस, आम्ही काय, नंतरचे… आई, आता तू रडायला लागलीस तर मीही रडेन, आणि इथे सगळी शाळा आहे.

सहावं? सहावं मिळालं. आणि काय बसलंय म्हणून सांगू! मागे, त्या चकतीच्या खाली, बरोबर वेणीपुरती जागा आहे. वेणी त्यातून बाहेर येते, खाली लोंबते. हलत नाही, टोचत नाही. मान हलव, उड्या मार, काही कर… कुठून म्हणजे? मिळालं. गुरुवारी… दुकानातून नाही… असंच गं, मिळालं… सरावाच्या वेळी.

कसला आवाज बदलला माझा?… काही लपवत नाहीये.

…

नाही लपवत, म्हटलं ना!

…

आई, तू मला लहानपणीसुद्धा अशीच गप्प बसून बोलतं करायचीस.

बरं. सांगते. पण मधे बोलू नकोस. पूर्ण होईपर्यंत एक शब्द नाही. कबूल?… मेतूनं… अहं, मेतुआनं, जिभेला गाठ पडतेय बघ माझ्या. मेतुआनं अक्कल लढवली. म्हणाला, एक वेणी जाड होते ना, मग दोन बारीक वेण्या घाला, कानांशेजारून पुढे सोडा. मागे काही अडणारच नाही. मीही घातल्या. मामाच्या सांगण्यावरून. गुरुवारी सरावाला गेला पाचवं हेल्मेट घालून, आणि हनुवटीखाली पट्ट्याचं ते बक्कल असतं ना, खटकन लागतं ते… त्यात केस अडकले. डाव्या कानामागचे. पट्टा ना उघडे ना सरके. मान वाकडी झालेली, पोरगा कळवळतोय, ओढलं की आणखी आवळतंय… मी नव्हते गं तिथे! मी कामावर होते! त्यांना शाळेत सायकल शिकवते ती ब्रॉनविन होती. तिनं खूप खटपट केली. मग तिच्या औषधपाण्याच्या पेटीत कात्री होती, आणि तिनं… 

एक बट. बारीकशी. करंगळीएवढी.

आई?

तिला ठाऊक नव्हतं गं. तिला कोण सांगणार? तिच्या हिशेबी पोराचा जीव गुदमरत होता, तिनं सोडवला. कुणीही तेच केलं असतं. मीही केलं असतं… नसतं केलं. पट्टा कापला असता. पण ती इथली, तिला काय माहीत.

आहेस ना?

नूरोआ ओरडला नाही, काही नाही. जमिनीवर बसला आणि म्हणाला, ती आजीची होती. तेवढंच म्हणत राहिला. ब्रॉनविननं विचारलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, खुर्ची, गोधडी, रिबनी, तू. ती बिचारी पांढरीफटक पडली. तिनं फोन करून मला बोलावून घेतलं, आणि माझ्यासमोर इतकी रडली की मीच तिला डोनट दिलं… काय करणार? माझ्या पिशवीत तेवढंच होतं.

बट मी ठेवलीय. टाकली नाही. निळी रिबन बांधून, पाकिटात, आत्ताही माझ्या पर्समध्ये आहे. तुलाच देणार होते जानेवारीत. तुला हे फोनवर सांगायचं धाडसच होईना. दोन दिवस झोप नाही मला… तुझा हक्क होता तो. तुझा पहिला हात. आणि तो गेला. मला फार वाईट वाटतंय गं आई. बोल ना काहीतरी. रागव.

काय?

काय दिलं म्हणजे?… कुणी?… ब्रॉनविननं? ती कशाला काय देईल?… हेल्मेट? हो, हेल्मेट तिनंच दिलं. तेच तर सहावं. तिचे स्वतःचे केस पाठीपर्यंत आहेत, तिनं मुद्दाम शोधून घेतलेलं होतं, वेणीला जागा असलेलं. त्याच दिवशी स्वतःच्या डोक्यावरचं काढलं, चकती आवळून त्याच्या मापाचं केलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाली, हे आता तुझं. परत मागायचं नाही… हो, कायमचं. ती त्या दिवशी सायकल ढकलत पायी घरी गेली, हेल्मेट नव्हतं म्हणून… हो, केस कापल्यावर लगेच. पाच मिनिटांत.

मग?

…

अगं… आई!

बट कापली, आणि भेट दिली.

अगं, खरंच की गं! हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं! मी दोन दिवस उशीत तोंड खुपसून… पुना! पुना, ठेव ते सॅलड! आई म्हणतेय, चुकलं-बिकलं काही नाही. नूरोआची केसकापणी सुरू झालीय! गुरुवारीच सुरू झाली!… ऐकतोय तो. तोंड उघडं आहे, आत बटाटा दिसतोय.

पण आई, तुझी बट?… दुसरी? तुला चालेल दुसरी?… नाही, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीयेस ना?… काय म्हणालीस?… पोराच्या डोक्याची काळजी घेणारीचा हात पहिला लागला… हो… हो गं. आता मात्र मी रडतेय, आणि सगळी शाळा बघतेय. बघू दे.

ही बट? पाकिटातली?… जिनं कापली तिचीच. बरोबर. तसंच असतं. देते… आत्ता? शर्यत सुरू व्हायचीय गं… बरं बाई, आत्ताच. तू ठेवू नकोस हं, चालू राहू दे.

ब्रॉनविन! ए ब्रॉनविन! जरा इकडे ये ना… नाही, नाही, पोराला काही झालेलं नाही. तो बघ, रेघेवर उभा आहे, वेणी बघ कशी डुलतेय. हे घे. हे तुझं… उघड की… हो, तीच. आमच्यात जो कापतो त्याला ती बट मिळते. माझी आई सांगतेय, फोनवर आहे ती, तिकडून. तू घरातली झालीस आता. पहिली तू, मग ती. जानेवारीत यायचंय तुला, खुर्चीजवळ, तिच्या शेजारी उभं राहायचं… अगं, रडतेस काय? शिट्टी कोण वाजवणार?

आई, ऐकतेस?… ती रडतेय… हो, तिलाही डोनट देते. आई, ती विचारतेय, जानेवारीत येताना भेट म्हणून काय आणू?… हं… हं… सांगते.

ब्रॉनविन, आई म्हणतेय, काही आणू नकोस. तुझं देऊन झालंय.