फाईल नंबर बारा की आमची शालू

...आणि वर हसून म्हणतात काय, तर "घाई नाही हं, शनिवारपर्यंत सांगा!" शनिवारपर्यंत? अहो, लक्ष्मी रोडवरच्या ज्या दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दुकानदाराच्या आधी दिसते, तिथंसुद्धा साडी दारात नेऊन उजेडात बघू देतात! आणि इथं साडी नाही हो, मूल! त्याची अर्धी आई निवडायची, तीही न बघता, न बोलता, आणि सांगितलं त्या दिवशी वार होता मंगळवार! मला सांगा, स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग ठरवायला मी सात महिने घेतले होते.

मी श्रद्धा. राहायला वारज्याला, नोकरी खराडीला, म्हणजे शहराच्या ह्या टोकाला झोपते आणि त्या टोकाला कामाला जाते, मधलं पुणं रोज कंपनीच्या गाडीच्या खिडकीतून बघते. सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला, आणि स्वतःची एक चूक बारा वर्षं दिसली नाही. आधी म्हटलं प्रोजेक्ट संपू दे, मग म्हटलं अमेरिकेला पाठवतायत तर जाऊन येऊ, मग फ्लॅट, मग ही मंदी आली, रोज कोणाची तरी खुर्ची रिकामी, आत्ता सुट्टी मागितली तर आपलीही जायची... असं करत करत बाळ दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं. आणि एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघत म्हणतात, "श्रद्धा, तुमची बीजं आता संपल्यातच जमा आहेत." दत्ता, म्हणजे माझा नवरा दत्तप्रसाद, कंपनीत सर्व्हर सांभाळतो, त्याच्या तोंडून निघून गेलं, "बॅकअप नाही का?" मी हसले.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या, आणि माणूस खरा घाबरतो तो ह्याच वाक्याला! "दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्यायचं. बाळ तुमच्याच पोटात वाढेल, नऊ महिने, बाळंतपण, सगळं तुमचं. फक्त डोनर कशी हवी ते ठरवा. एक तर अनोळखी. नाव नाही, पत्ता नाही, ती तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही तिला नाही. नाहीतर मग ओळखीतली कोणी, बहीण, मावसबहीण. सगळं उघड. उद्या मुलानं विचारलं तर दाखवायला माणूस आहे. दोन्हींत चूक काही नाही. घाई नाही हं..." पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मग एका मुलीनं प्लास्टिकची फाईल आणून दिली. त्यात डोनर. नंबर बारा. उंची पाच फूट तीन, वर्ण निमगोरा, रक्तगट बी पॉझिटिव्ह, शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत, आवड रांगोळी. संपलं! फोटो नाही. अहो, वधूवर सूचक मंडळात ह्यापेक्षा जास्त माहिती देतात, निदान मामाचं आडनाव असतं! दत्ता ती फाईल असा वाचायला लागला की जणू धाकट्या भावाला स्थळ आलंय. "बी.कॉम. का सोडलं असेल गं? गणित कच्चं असेल का? ते पुढे जातं का?" म्हटलं, दत्ता, तुला बारावीला गणितात छत्तीस आहेत, तू कशाला त्या पोरीच्या गणितावर जातोस? दोन मिनिटांनी म्हणतो, "पण निमगोरी म्हणजे नक्की किती?"

आणि तुम्हाला सांगते, तिथून माझं जे काही सुरू झालं ना! बुधवारी सकाळी गाडीत बसले आणि खिडकीतून दिसेल ती मुलगी मला पाच फूट तीन दिसायला लागली. स्वारगेटला चार, स्टेशनला सहा. ऑफिसात ॲडमिनमध्ये एक मुलगी आहे, दिवाळीला दरवर्षी रांगोळीत पहिली येते. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुझा रक्तगट काय गं?" ती बिचारी म्हणाली, "मॅडम, कोणाला लागतंय का?" लागतंय! पण सांगू कोणाला? इंटरनेटवर एखादं ऑर्कुटसारखं काहीतरी निघेल आणि अठरा वर्षांनी ही बाई नाव-पत्त्यासकट दारात उभी राहिली तर? आणि नाही राहिली तर? आमचं पोर विचारेल, आई, मी अर्धा कोणाचा, आणि मी काय सांगू, बाराचा? बरं, तो लग्न ठरवून आला आणि मुलगी नेमकी नंबर बाराचीच निघाली तर? पुणं केवढंसं! इथे दोन अनोळखी माणसं पाच मिनिटं बोलली की लांबचे साडू निघतात. गोत्र विचारतील तेव्हा मी कुठल्या तोंडानं सांगू की फाईल बघा? आणि ह्या सगळ्याचं उत्तर द्यायचं कधी? शनिवारपर्यंत!

त्यात आमच्या समोरच्या इंदुबाई. सोसायटीत बाळ घरी आलं की तिसऱ्या दिवशी झबलं घेऊन हजर. चष्मा लावतात, बाळ खिडकीशी नेतात आणि निकाल देतात. "कोणावर गेलंय बघू... नाक बापाचं. हनुवटी आजीची. आणि कान? कान कोणाचे गं हे?" झालं! दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्या कानांपायी आठ दिवस जुने अल्बम काढले होते. आता माझं बाळ त्यांनी खिडकीशी नेलं तर त्यातलं माझं काय सापडणार? काहीच नाही! सगळ्यांसमोर म्हणणार, "आईवर काही गेलेलं दिसत नाही." त्या एका वाक्याची मला इंजेक्शनपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. हसू नका हो. खरंच वाटायला लागली.

म्हणून मला शालू आठवली. शालू माझी मावसबहीण. वय एकोणतीस, एक मुलगी सोनू, तिच्या पाठीवर मुलगा. तिला दिलीय वारज्यातच, जुन्या गावठाणात. शेतकरी घर, म्हणजे आता शेत नाही, शेतावर आमची सोसायटी आहे. तिचं नाक आणि माझं नाक एकच, आजोळचं, शेंड्याला जरा बसकं. तेव्हा इंदुबाईंचा प्रश्न मिटला. पण शालूचं तोंड! तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. माझ्या लग्नात पंगत बसायच्या आत तिनं वरपक्षात जाऊन सांगितलं होतं, "जिलबी कमी पडनार हाय, पहिल्याच फेरीला घ्या!"

तरी गुरुवारी गेले. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "शालू, एक मागायला आलेय." म्हणाली, "घेऊन जा." म्हटलं, "अगं, काय ते ऐक तरी." "शेवग्याच्या शेंगा ना? टोपलीत हायत." शेवटी दार लोटून, हळू आवाजात, मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, आणि म्हणाली, "मग हायत की माझ्याकडं, मला काय आता तिसरं नको. घेऊन जा." नाही म्हणाली असती तर बरं, विचार करते म्हणाली असती तरी बरं, हे असं शेवग्याच्या शेंगांसारखं द्यायचं? उद्या अशीच सहज परत मागितली म्हणजे? मी म्हटलं, "कोणाला सांगू नकोस हं." म्हणाली, "तुझी आन. फक्त सासूबाईंना इचारते. घरातलं काय बाहेर द्यायचं तर इचारायला नको?" आणि मी, टेस्टर, चुका शोधायचा पगार घेणारी, मी म्हटलं, "बरं."

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दार उघडते तर सोजरबाई, शालूची सासू, हातात ताट, ताटात नारळ, खण, गहू. मागं आप्पासाहेब, सासरे, कडक पांढरी टोपी. त्यांच्या मागं शालू, दोन्ही पोरं, आणि समोरच्या दारात, अर्थातच, इंदुबाई. "मी म्हटलं एवढे पाहुणे कोणाकडे..." म्हणत त्या चपला न घालता आतच आल्या. सोजरबाईंनी मला पाटावर बसवलं, ओटी भरली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्या शालूचं बीज तुमच्या पोटात रुजू दे." झालं! संपलं गुपित! इंदुबाईंचा चष्मा आपोआप नाकावर आला.

मी दत्ताकडे बघतेय, दत्ता पंख्याकडे बघतोय, आणि आप्पासाहेब भिंतीवर टिचकी मारून म्हणतायत, "हितंच आमचा ज्वारीचा पट्टा व्हता." मग खुर्चीत बसले आणि कोणी विचारलं नसताना निवाडा दिला. "हे बघा, शेजाऱ्याकडनं बियाणं उसनं नेलं, म्हणून पिकावर कोन हक्क सांगत न्हाय. ज्याच्या रानात उगवलं, त्याचं पीक. मिटलं." आपल्याकडे एवढ्यासाठी वकील लागतो हो!

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सोजरबाईंनी विचारलं, "ह्यात माज्या सुनंला सुया किती टोचनार?"

आणि तुम्हाला सांगते, मला माहीत नव्हतं. मंगळवारपासून नाक, रंग, गोत्र, ऑर्कुट, इंदुबाई, सगळ्याची भीती वाटून झाली होती, आणि शालूला दुखेल का, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! दत्तानं माहितीपत्रक उलटंसुलटं केलं. म्हणाला, "दहाबारा दिवस. रोज. मग थोडी भूल." सोजरबाई म्हणाल्या, "मंग दवाखान्यात तिच्यासंगं कोन जानार?" मी रडायलाच लागले, सगळ्यांसमोर, मांडीवर नारळ घेऊन. शालू म्हणाली, "ए, रडतीस काय, दोन बाळंतपणं काढलीत मी." आणि मग इतके दिवस मनात दाबलेलं एकदम बाहेर पडलं. म्हटलं, "शालू, ते बाळ मला सोडून तुझ्याकडे झेपावलं तर?"

"झेपावंल की," ती म्हणाली. "मावशी हाय मी. मावशीकडं न्हाई झेपावनार, तर काय ह्या इंदुबाईंकडं?"

"मी काय केलंय आता?" इंदुबाई.

मला रडता रडता हसू आलं. पण मनातून ती फाईल जाईना. नंबर बारा. तिला किती सुया, कोण विचारत असेल? तिच्याबरोबर कोण जात असेल? मी तिचा वर्ण वाचला, रक्तगट वाचला, आणि तिला काही नावही असेल, हे मला शुक्रवारपर्यंत सुचलं नाही. कदाचित तिचं सगळं नीट असेल, मला काय माहीत... पण तेच ना, मला माहीतच नसणार. निदान इथे सुया कोणाला टोचल्या ते कळेल. कोणाच्या उशाशी बसायचं ते कळेल. दत्ताला म्हटलं, शालू. तो म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं." त्याला नेहमीच तेच वाटत असतं, माझं ठरल्यावर.

पाहुणे जिना उतरतायत तोवर बार्शीहून माझ्या सासूबाईंचा फोन. अजून मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "श्रद्धा, शालू म्हणजे जिलबीचं सांगायला आली होती तीच ना? घ्या तिचं. पोरगी खरं बोलते." बार्शीला कोणी कळवलं? अहो, जिना उतरायला किती वेळ लागतो!

तर आज शनिवार, जाऊन सांगून आलो. मॅडमनी शालूला वेगळं बसवून तिची मर्जी विचारली, तपासण्या लिहून दिल्या, सोमवारपासून सुया. मग मला म्हणाल्या, "मुलाला हे केव्हा सांगायचं, याचा तुम्ही दोघांनी शांतपणे विचार करा. तो निर्णय सर्वस्वी तुमचा." बाहेरून आप्पासाहेबांचा आवाज येत होता, बाकावरच्या एका परक्या जोडप्याला ते विचारत होते, "तुमचं काय, वळखीतलं का फायलीतलं?"

भीती गेली म्हणता? कुठली जाते! रुजेल का, राहील का, मला आई म्हणेल का, आणि म्हणालं तरी मला ते खरं वाटेल का... पोटात नुसता गोळा आहे, आणि अजून पोटात काहीही नाही. पण ठरवलंय, शालूबरोबर रोज मी जाणार. परत येताना गाडीतूनच मोबाईलवर पंधरा दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात अगदी विचार करून एकच शब्द लिहिला, 'वैयक्तिक'. माझा मॅनेजर नागपूरचा, वर्षापूर्वी पुण्यात आलाय, वारजे कुठे आहे हेही त्याला माहीत नाही. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं: "रजा मंजूर. शालूताईंना म्हणावं, काळजी घ्या."

त्याला कोणी सांगितलं, हे मी विचारलंसुद्धा नाही.