सावद्याच्या डीपीखाली शिकवलेला नियम

...आता साल विचारून मला घाबरवू नका, आधीच आठवणीवरचा माझा विश्वास उडालाय! उन्हाळा होता, केळी निसवून घड बाहेर पडलेले होते, एवढं पक्कं... निदान मला तरी पक्कं वाटतं. तुम्हाला सांगतो, पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केली, जळगावात जन्मभर कॉलेजात शिकवलं, पण सावद्याहून धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा फोन आला की घाम फुटतो! "नाना, लाइट येतो पण मोटर नुसती घुरघुर करते, बाग करपू राह्यली! तू एवढा शिकेल हाये ना? मग ये!" गेलो. बघतो तर काय, एका डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या शिवाराच्या मोटारी, सुगंधाची विहीर तारेच्या पार शेवटच्या टोकाला, आणि लाइट आला रे आला की सगळे एकदम बटण दाबतात! स्टार्टर पडून मोटर बंद होते? मग त्यात काडी खोचतात! पडायचंच नाही! अहो, तो पडतो म्हणून मोटर वाचते ना?

नियम साधा आहे हो! डीपीखाली सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, "जोडापाशी जेवढा करंट येतो तेवढाच पुढे वाटला जातो, तार पदरचं काही घालत नाही. करंट जास्त ओढला की डीपीत आणि तारेतच व्होल्टेज गळतं, शेवटच्याला उरतं थोडं. कमी व्होल्टेजवर मोटर आणखी करंट ओढते आणि जळते. म्हणून पाळी लावा!" बोललो खरा, आणि लगेच मनातल्या मनात उजळणी... बरोबरच सांगितलं ना? उलटं तर नाही?

हिलालआबा उठले. डीपीला लागून त्यांचा मळा, मोटर सगळ्यांत मोठी. "भाऊ, तुमी कॉलेजात शिकवा. मोटर जळते ज्याले अक्कल नाही त्याची! माही जळली कधी?" असा हशा पिकला म्हणता! नियम साधा आहे हो, पण हशापुढे कोणता नियम टिकतो? सुगंधा तेवढी हसली नाही. ती माना टाकलेल्या घडांकडे पाहत होती.

आणि चार-दोन दिवसांत फोन! "नाना, व्होल्टेज आलं! पानी धो धो चालू!" बाग वाचली. गावानं मला बोलावून शाल दिली, नारळ दिला, तोही हिलालआबांच्या हातून, खाली मान घालून! मला वाटलं, पटलं बुवा. पण रात्र रात्र शंका... आपली माणसं, आणि पाळीनं मोटर लावतील?

पुढं कितीतरी वर्षांनी फैजपूरला एका लग्नात आबा पंगतीत शेजारी बसले. वरण-बट्टी कालवता कालवता कानाशी आले, "भाऊ, तुमी गेले आन् मी मुद्दाम काडी खोचून मोटर लावली. घंटाभरात जळली! एवढं मोठं बोलेल होतो, आता सांगू कोनाले? तो उन्हाळा भावाच्या विहिरीवरून गुपचूप पाइप आणला, त्याची डीपी येगळी."

"आणि बाकीच्यांची पाळी?"

"पाळी?" आबांना असा ठसका लागला की वाढप्यानं पाणी आणलं!

तरी मी सुगंधाला विचारून खात्री केली. पाळी एकाही दिवशी लागली नव्हती. फक्त आबांची, सगळ्यांत मोठी, मोटर बंद होती, म्हणून शेवटच्या टोकाला व्होल्टेज उरलं. नियम साधा आहे हो... त्या उन्हाळ्यात तो एकट्या विजेनं पाळला.