ठेका तुझा, गाणं माझं

जुन्या-नव्या गाण्यांवरनं भांडू नका रे. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात हे भांडण लाईट गेल्यामुळं मिटलंय.

शेजारच्या मागावर व्यंकण्णा असायचे. साठी ओलांडलेली, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि तोंडात कायम जुनी गाणी. मी स्पीकरवर काही नवं लावलं की म्हणायचे, "हे गाणं हाय व्हय? ह्यापेक्षा माझा माग बरा वाजतोय की!"

शेवटी पैज लागली. महिनाभरात माझ्या गाण्यावर अण्णांचा पाय हलला, तर सगळ्यांना भजी त्यांच्याकडनं. नाही हलला, तर माझ्याकडनं.

पंधरा दिवस अण्णा मागापुढं खांबासारखे उभे. मग एका दुपारी मी वरातीतलं एक दणदणीत गाणं लावलं. मागांच्या खडखडाटात त्याचा नुसता ठेका तेवढा ऐकू येत होता. तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम गप्प झाले, पण स्पीकर बॅटरीवरचा, तो वाजतच राहिला.

आणि अण्णाही! डोळे मिटून, पाय आपटत, माझ्या गाण्याच्या ठेक्यावर ते त्यांचं जुनं गाणं खड्या आवाजात म्हणत होते. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी ओरडलो, "अण्णा, पाय! काढा भजी!"

अण्णांनी डोळे उघडले, पायाकडं बघितलं, पण पाय काही थांबवला नाही. म्हणाले, "पाय माझ्याच गाण्यावर हलतोय. तुझा निस्ता ठेका घेतलाय. भजी निम्मी निम्मी!"