बाईंचा बसलेला आवाज

घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंप्याशेजारी दोन शिक्षिका येऊन टेकल्या. थोरलीचा आवाज पार बसला होता. ती कुजबुजतच बोलत होती.

"पहिलीचा वर्ग आता तूच घे गं. बिनआवाजाची बाई काय कामाची?"

"अहो, सोमवारी तुमच्या वर्गावरून गेले, तर सगळं चिडीचूप. वाटलं, पोरं मैदानावर असतील."

"वर्गातच होती. मी कुजबुजते म्हणून तीही कुजबुजतात. कवितासुद्धा तशीच म्हटली."

"आणि ती खिडकीजवळची मुलगी? जिने वर्षभर तोंड उघडलं नाही ती?"

"तीच काल माझ्या कानाशी आली. म्हणाली, बाई, तुम्हालापण बोलायची भीती वाटायला लागली का?"

"अगंबाई. मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो बाळा, थोडी वाटते."

"मग?"

"मग म्हणाली, तुम्ही मला सांगा, मी मोठ्याने सांगते. आणि उभी राहून तिने अख्ख्या वर्गाला पाटी काढायला सांगितली."

"आणि तुम्ही म्हणे वर्ग सोडताय."

थोरलीने डोळ्यांना रुमाल लावला.

शिंप्याचा नंबर आला. "आधी बाईंना जाऊ द्या," तो म्हणाला, तेही कुजबुजत.